सासूबाईंचा सर्व्हर

सोमवारी सकाळी सर्व्हरने जावयाला दारातूनच हाकलून दिलं.

जावई म्हणजे सगळ्या ऑफिसचाच जावई. सर्व्हर सांभाळणाऱ्या बाईंच्या मुलीशी त्याचं लग्न झालं, त्या दिवसापासून त्याला हेच नाव चिकटलं होतं. बाईंनाही एक नाव होतं, पण ते त्यांच्या पाठीमागे घ्यायचं: कुलूपबाई. कंपनीचा सगळा कोड एकाच मशीनवर राहायचा, ते मशीन काचेच्या खोलीत, आणि तिथे कुणाला आत घ्यायचं नि कुणाला नाही हे वर्षानुवर्षं बाईच ठरवत आल्या होत्या.

कंपनी लॅबसाठी सॉफ्टवेअर बनवायची. रक्त तपासून झालं की पेशंटचा रिपोर्ट छापून देणारं. शुक्रवारी संध्याकाळी एका मोठ्या हॉस्पिटलच्या लॅबमधून तक्रार आली होती, की एकाच नावाचे दोन पेशंट एकाच दिवशी आले तर कधीकधी एकाचा रिपोर्ट दुसऱ्याच्या नंबरवर छापला जातो. जावयाने शनिवार-रविवार घरी बसून चूक शोधली आणि दुरुस्तही केली. घरात त्याला दुसरं काही कामच नव्हतं. बायको महिनाभर आईकडे जाऊन राहिली होती.

घरून सर्व्हर दिसत नसे, म्हणून सोमवारी ऑफिसात पाऊल ठेवल्या ठेवल्या त्याने लॅपटॉप उघडला. दुरुस्ती सर्व्हरवर चढवली की तिथून ती आपोआप लॅबमध्ये पोचणार होती. त्याने नेहमीची आज्ञा दिली. स्क्रीनवर ओळ उमटली: परमिशन डिनाइड.

त्याने पुन्हा दिली. पुन्हा तेच.

या सर्व्हरवर पासवर्ड चालत नसे. प्रत्येकाच्या लॅपटॉपवर त्याची एक किल्ली असायची, म्हणजे एक छोटीशी फाइल, आणि तिची जोडीदार फाइल सर्व्हरवर त्याच्या नावाच्या फोल्डरमध्ये ठेवलेली असायची. दोघींची जोडी जुळली की माणूस आत. जावयाची जोडी शुक्रवारपर्यंत बिनतक्रार जुळत होती.

त्याने मान वळवून काचेच्या खोलीकडे पाहिलं. सासूबाई पाठमोऱ्या बसल्या होत्या, खांद्यावर शाल, कारण त्या खोलीत थंडी मरणाची असायची. त्यांनी एकदाही मागे वळून पाहिलं नाही. त्याच्या डोक्यात तिडीक गेली. काढली माझी किल्ली, त्याला वाटलं. घरचं उट्टं ऑफिसात काढलं.

घरचं प्रकरण असं होतं. बायको भूगर्भशास्त्र शिकलेली. जमिनीखालचं पाणी शोधणाऱ्या एका संस्थेकडे तिने अर्ज केला होता, दुसऱ्या शहरात. त्यांचा फोन आला तेव्हा ती अंघोळीला गेली होती. फोन जावयाने उचलला आणि पलीकडच्या माणसाला गोड आवाजात सांगितलं, की तिला आता जमायचं नाही, घरची अडचण आहे. बायकोला सांगायचं त्याने पुढे ढकललं, मग अजून पुढे ढकललं. शेवटी तिनेच त्या संस्थेला फोन लावून चौकशी केली तेव्हा सगळं बाहेर आलं. तिने भांडण केलं नाही, आरडाओरडा केला नाही. बॅग भरली आणि आईकडे गेली.

तोवर सासूबाई त्याला अरे-तुरे करायच्या. तो त्यांच्या हाताखाली शिकलेला, घरी ‘आई’ म्हणणारा. त्या दिवसापासून त्या अहो-जाहोवर आल्या. "तुमचा बॅकअप झाला आहे." "तुमचं मशीन अपडेट करून घ्या." एवढंच. चारचौघांत एवढ्या अदबीने कुणी त्याचा पाणउतारा कधी केला नव्हता.

म्हणून आता त्याने त्यांना काही विचारलंच नाही. त्याने स्वतःच्या हाताने नवी किल्ली बनवायला घेतली. मशीनने विचारलं, जुनी आहे, तिच्यावरच लिहू का? त्याने रागाच्या भरात ‘हो’ दाबलं. जुनी किल्ली पुसली गेली.

शेजारच्या टेबलावर टेस्टर बसायची. सॉफ्टवेअरमधल्या चुका अशा शोधायची की तिला सगळे भिंग म्हणत.

"जुनीची कॉपी ठेवलीस ना?" भिंगने विचारलं.

"कशाला? मेलेली होती ती."

"मेलेली होती हे कुणी सांगितलं? मॅडमना विचारलंस?"

"त्यांना काय विचारायचं? त्यांनीच मारली."

भिंगने भुवया उंचावल्या आणि ती आपल्या स्क्रीनकडे वळली. सासू-जावयाच्या भांडणात पडायची तिला मुळीच हौस नव्हती.

जावयाने मॅनेजरला मेल लिहिली. सर्व्हर सांभाळणाऱ्या व्यक्तीने वैयक्तिक कारणावरून माझा प्रवेश बंद केला आहे, असं तिच्यात स्पष्ट लिहिलं, आणि सासूबाईंनाही तिची प्रत पाठवली. काचेतून त्याला दिसलं, बाईंनी ती वाचली. वाचून चष्मा काढला, शालीच्या टोकाने पुसला, परत घातला आणि टाइप करत राहिल्या.

मॅनेजर पोटाने मोठा आणि धीराने लहान माणूस होता. तो तडक जावयाच्या टेबलाशी आला.

"हे काय लिहिलंयस? लॅबवाल्या बाई सकाळपासून माझ्या डोक्यावर बसल्यात. ती दुरुस्ती मॅडमना मेल कर, त्या चढवतील. तुझ्या किल्लीचं मागून बघू."

"नाही."

"नाही म्हणजे?"

"माझं काम माझ्याच हातून चढेल. त्यांच्या हातात मी ते देणार नाही. उद्या काही बिघडलं तर म्हणतील, कोडच असला होता."

"अरे, लोकांचे रिपोर्ट उलटसुलट होतायत."

"मग त्यांना सांगा ना माझी किल्ली परत लावायला. एका मिनिटाचं काम आहे."

मॅनेजरने कपाळावर हात मारला. पण हॉस्पिटलचा कोड जाणणारे दोघंच होते आणि त्यातला दुसरा बहिणीच्या लग्नाला गेला होता. शेवटी मॅनेजरने नव्या किल्लीला मंजुरी लिहून दिली आणि जावयाला काचेच्या खोलीत पाठवलं.

आत पंख्यांची घरघर होती. सासूबाईंनी त्याला बसा म्हटलं नाही. बसायला दुसरी खुर्चीही नव्हती.

"मॅनेजरसाहेबांची मंजुरी आली आहे," त्या स्क्रीनकडे बघत म्हणाल्या. "किल्लीचा ठसा वाचून दाखवा."

किल्ली मेलने आली, तर ती खरंच त्याच माणसाची आहे हे पडताळायचं असतं. त्यासाठी प्रत्येक किल्लीचा एक ठसा निघतो, अक्षरांची आणि आकड्यांची एक लांबलचक माळ. ती समोरासमोर वाचून जुळवायची असा बाईंचाच नियम होता. इतरांच्या बाबतीत त्या पहिली पाच-सहा अक्षरं ऐकून ‘बास’ म्हणायच्या.

"मोठा आर, छोटा के, सात," जावई वाचू लागला. "छोटा डब्ल्यू, मोठा झेड. बास?"

"सगळा."

त्याने दात ओठ खाल्ले. "छोटा क्यू, नऊ, मोठा बी. तुम्ही माझी जुनी किल्ली काढायची काही गरज नव्हती."

"मी काढलेली नाही. पुढे?"

"मग काय उंदराने खाल्ली? छोटा एम, अधिकचं चिन्ह, मोठा टी."

"अधिकच्या आधी छोटा एम की छोटा एन?"

"एम. आमच्या घरातलं भांडण तुम्ही इथे आणलंत."

"तुमच्या घरात आता कुणी नाही भांडायला," सासूबाई म्हणाल्या. आवाज चढला नाही. "पुढे वाचा."

तो थांबला. "तिला निरोप द्या. म्हणावं, संध्याकाळी येतोय मी. बसून बोलू."

"ती इथे नाही."

"म्हणजे?"

"आज पहाटेच्या गाडीने गेली. तिने त्या संस्थेला पुन्हा फोन केला, सगळं खरं सांगितलं. त्यांची जागा अजून भरली नव्हती. आजच रुजू होतेय. मी तिला स्टेशनवर सोडून थेट इथे आले."

त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. बायकोने नाही, सासूने नाही. त्याचं घर मोडलं होतं आणि त्याला बातमी अशी मिळत होती, पंख्यांच्या घरघरीत, किल्लीचा ठसा वाचता वाचता.

"तुम्ही पाठवलंत तिला."

"ती कुरिअरचं पाकीट नाही. तिला कुणी पाठवत नाही आणि कुणी परतही बोलवत नाही. ते तुम्हाला अजून कळत नाही. मोठा टी झाला. पुढचं अक्षर सांगा."

त्याने उरलेला ठसा दगडासारख्या आवाजात वाचला. बाईंनी प्रत्येक अक्षर बोटाने जुळवलं, नवी किल्ली त्याच्या फोल्डरमध्ये ठेवली आणि म्हणाल्या, "ठेवली आहे. या."

तो टेबलाशी आला, आज्ञा दिली. परमिशन डिनाइड.

त्याने कुठे अडतंय ते सविस्तर दाखवणारा हुकूम देऊन पाहिला. लॅपटॉप किल्ली पुढे करत होता, सर्व्हर ती घेतच नव्हता. का घेत नाही, याबद्दल अवाक्षर नाही. सर्व्हरची रीतच तशी असते. ज्याला बाहेर ठेवलं त्याला कारण सांगत नाही, कारण आतल्या वहीत लिहून ठेवतो.

तेवढ्यात मॅनेजरचा फोन वाजला. लॅबवाल्या बाईंचा आवाज शेजारच्या टेबलांपर्यंत ऐकू येत होता. एका म्हाताऱ्या गृहस्थांना दुसऱ्याच माणसाचा रिपोर्ट मिळाला होता. रिपोर्ट चांगला बघून ते निर्धास्त घरी गेले होते. खरा रिपोर्ट वाईट होता, त्यांना तातडीने दाखल करायला हवं होतं, आणि आता ते फोन उचलत नव्हते. लॅबने त्यांच्या घरी माणूस धाडला होता. "तुमची दुरुस्ती सकाळी येणार होती ना?" बाई विचारत होत्या. "सकाळ कधी होते तुमच्याकडे?"

मॅनेजरने फोन ठेवला तेव्हा त्याचा चेहरा पडला होता. जावई उठून उभा राहिला. तळपायाची आग मस्तकात गेली होती आणि आता तिला जायला जागा मिळाली.

"बघा आता," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "एका माणसाच्या जिवावर बेतलं तरी यांचं सूडनाट्य संपत नाही. किल्ली लावल्याचं नाटक केलं आणि परत दार बंद. बाहेर या मॅडम. सगळ्यांसमोर सांगा, काय केलंत ते."

काचेचं दार उघडलं. सासूबाई दारात उभ्या राहिल्या.

"बाहेर कशाला?" त्या म्हणाल्या. "तुम्हीच आत या. साहेब, तुम्हीही या."

टेबलांवरची टकटक थांबली होती. भिंगही उठून दाराशी आली. बाईंनी सर्व्हरची वही उघडली, म्हणजे लॉग, ज्यात कोण कधी आलं आणि कुणाला का नाकारलं हे आपोआप लिहिलं जातं. जावयाचं नाव सकाळपासून ओळीने लिहिलेलं होतं आणि प्रत्येक ओळीत एकच कारण होतं.

"वाचा," बाई म्हणाल्या.

जावयाने वाचलं. फोल्डरची मालकी किंवा परवानग्या ठीक नाहीत, म्हणून नकार. एकदा वाचून त्याला कळलं, तरी त्याने दुसऱ्यांदा वाचलं.

"म्हणजे काय?" मॅनेजरने विचारलं.

"यांच्या फोल्डरमध्ये कुणीही लिहू शकेल अशी परवानगी दिलेली आहे," बाई म्हणाल्या. "मग कुणीही तिथे आपली किल्ली ठेवून यांच्या नावाने आत शिरेल. म्हणून सर्व्हर त्या फोल्डरमधल्या किल्लीवर विश्वासच ठेवत नाही. जुनी असो की नवी. शुक्रवारी संध्याकाळी बदललं आहे, यांच्याच खात्यातून."

भिंगने हळूच घसा साफ केला. "शुक्रवारी मला तुझ्या फोल्डरमध्ये तपासणीच्या फाइल टाकायच्या होत्या. जमत नव्हतं. तू म्हणालास, थांब, सगळ्यांना सगळं खुलं करून टाकतो."

जावयाला आठवलं. घरी जायची घाई नव्हती, तरी सवयीने घाई केली होती. एका ओळीत काम उरकलं होतं आणि बॅग उचलली होती. मेलमधलं ‘वैयक्तिक कारणावरून’ आता मॅनेजरच्या डोळ्यांपुढे होतं.

मॅनेजर मात्र अजून स्क्रीनकडेच बघत होता. तो धीराने लहान असला तरी बुद्धीने लहान नव्हता.

"मॅडम," तो सावकाश म्हणाला, "कुणाला असं वारंवार नाकारलं की सर्व्हर तुम्हाला कळवतो ना?"

"कळवतो."

"मग सकाळीच तुम्हाला हे दिसलं असेल."

"दिसलं."

"कारणासकट?"

"कारणासकट."

पंखे घरघरत होते.

"मग बोलला का नाहीत?"

"त्यांनी विचारलं नाही," सासूबाई म्हणाल्या. "माझ्यावर आरोप लिहिला, पण प्रश्न विचारला नाही."

"हे उत्तर नाही, मॅडम."

बाईंनी शाल घट्ट ओढली. एवढ्या वेळात पहिल्यांदाच त्यांची नजर खाली गेली. "नाही, ते उत्तर नाही. मला वाटत होतं त्यांनी इथे यावं. माझ्यासमोर उभं राहून मागावं. एका फोनवर त्यांनी माझ्या मुलीचं दार बंद केलं होतं. मला वाटलं, एक सकाळ तेही राहू देत बाहेर."

"आणि तो पेशंट?"

"पेशंटचं माझ्या डोक्यात आलं नाही. म्हणजे आलं. मी ते बाजूला सारलं."

"ठीक करा आधी," मॅनेजर म्हणाला.

बाईंनी एक ओळ टाइप केली. फोल्डर इतरांना बंद झाला, फक्त त्याच्या मालकापुरता उघडा राहिला. जावई आपल्या टेबलाशी गेला आणि त्याने आज्ञा दिली. या वेळी सर्व्हरने हूं की चूं केलं नाही. दुरुस्ती चढली, लॅबमध्ये पोचली. भिंगने फोनवरून लॅबवाल्या बाईंकडून दोन खोट्या पेशंटांची चाचणी करवून घेतली, दोघांचे रिपोर्ट ज्याचे त्याला मिळाले. थोड्या वेळाने त्या बाईंचाच उलट फोन आला. म्हातारे गृहस्थ सापडले होते. मुलीकडे जाऊन झोपले होते, फोन घरी विसरून. त्यांना दाखल केलं होतं. धोका टळला का, हे बाईंना माहीत नव्हतं, आणि तुम्हाला ते विचारायचा अधिकार नाही असंही त्या म्हणाल्या.

मॅनेजरने दोघांना वेगवेगळं बोलावलं. जावयाकडून मेल मागे घेतल्याचं आणि चुकीचा आरोप केल्याचं लिहून घेतलं. सासूबाईंना काही सांगायची वेळच आली नाही. सर्व्हरचं काम माझ्याकडून काढून घ्या, असं त्यांनी खुर्चीत बसायच्या आधीच सांगितलं. मॅनेजरने दोन दिवस विचार करा म्हटलं. त्या म्हणाल्या, सकाळपासून तेच करतेय.

संध्याकाळी दोघंही एकाच वेळी जिन्यात आले. खाली उतरायला दुसरा रस्ता नव्हता. दोन मजले एकामागे एक उतरले.

"तुम्ही मुद्दाम छळलंत मला," जावई शेवटी म्हणाला.

"हो," सासूबाई म्हणाल्या. "आणि तुम्ही विचारलं असतंत तरी मी लगेच सांगितलं असतं की नाही, मला खात्री नाही. पण माफी मागायची ती मी त्या पेशंटच्या घरच्यांची मागेन. तुमची नाही."

त्या रस्ता ओलांडून निघून गेल्या. जावई बस थांब्यावरच्या बाकड्यावर बसला आणि त्याने बायकोला फोन लावला. महिनाभरात तिने एकदाही उचलला नव्हता. आज उचलला.

"तुझ्या आईने आज काय केलं माहितेय तुला?" तो म्हणाला.

"माहितेय. तिने आताच फोन करून सांगितलं."

"काय सांगितलं?"

"की तुझी अडचण तिला सकाळीच दिसली होती आणि ती गप्प बसली. एका माणसाला त्यामुळे त्रास झाला. स्वतःची बाजू नाही घेतली तिने. मी रागावले तिच्यावर, खूप. रडली ती." बायकोचा आवाज थकलेला होता, मागे कुणीतरी लोखंडी कॉट ओढत होतं. "तू काय सांगायला फोन केलास?"

त्याने हेच सांगायला फोन केला होता. ते आधीच सांगून झालं होतं, आणि तिच्या आईने ते त्याच्यापेक्षा खरं सांगितलं होतं. फोल्डर आपणच उघडा टाकला, जुनी किल्ली आपणच पुसली, काम दुसऱ्याच्या हातात द्यायला आपण नकार दिला, यातलं काहीच सांगायचं त्याने ठरवलं नव्हतं.

"चूक माझीही होती," तो म्हणाला.

"‘ही’?"

बस आली, दार उघडलं, चालकाने त्याच्याकडे पाहिलं, दार मिटलं.

"ऐक," बायको म्हणाली. "तुम्ही दोघं माझ्यावरून भांडलात असं तुम्हाला दोघांनाही वाटतंय. माझ्यावरून नाही भांडलात. मी तर तिथे नव्हतेच. आईला मी सांगितलंय, आठवडाभर फोन करू नकोस. तुला आठवड्याचं सांगत नाही."

"मग कधीचं?"

"मला वाटलं तर मी करेन."

"कसा गेला तुझा पहिला दिवस?" त्याने घाईघाईने विचारलं.

"आता विचारतोयस," ती म्हणाली. "चांगला गेला. ठेवते."

तिने ठेवला. जावयाने फोन खिशात टाकला. पुढची बस यायला अवकाश होता, आणि घरी जाऊन करायचं असं काही त्याला सुचत नव्हतं, म्हणून तो चालत निघाला.